संख्याशास्त्राचा वर्ग कुणासाठी? बडोद्याच्या एका महाविद्यालयाला खुले पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ, प्राचार्य आणि संख्याशास्त्र अभ्यास समितीचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

येत्या शैक्षणिक वर्षापासून आपल्या पदवी अभ्यासक्रमाचं नाव 'संख्याशास्त्र आणि डेटा सायन्स' होणार, अशी नोटीस विभागाच्या फलकावर लागली आहे. नावाला माझी हरकत नाही. हे पत्र लिहावं लागतंय ते त्याच नोटिशीत खाली छापलेल्या चार ओळींमुळे. शनिवारचा पूरक वर्ग बंद. प्रत्येक विद्यार्थ्याकडे ठरावीक क्षमतेचा स्वतःचा लॅपटॉप हवाच. प्रात्यक्षिकं यापुढे विकतच्या परवान्यावर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर. आणि अंतर्गत गुण फक्त इंग्रजीतून, संगणकावर, घड्याळ लावून घेतलेल्या बहुपर्यायी चाचणीचे. चारही ओळींना कारण एकच दिलं आहे: दर्जा.

संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना हे पत्र पोचायचं आहे त्यांच्या टेबलावर ते गुजरातीत, सहीसकट, आधीच पोचलं आहे. मराठीत आणि उघडपणे लिहिते आहे, कारण आपल्या माजी विद्यार्थ्यांत दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांची मुलं-नातवंडं आजही आपल्याकडे शिकतात, आणि असे निर्णय एकाच महाविद्यालयात होत नाहीत. इंदूर-ग्वाल्हेरचे, पुण्या-नाशिकचे वाचकही आपापल्या ठिकाणची नोटीस काढून बघतील.

माझा संबंध सांगते. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. कॉलेजात पहिल्या वर्षी सगळं एकदम इंग्रजी झालं. तग धरला तो एका सरांमुळे. ते फळ्यावर इंग्रजीत लिहायचे, समजावून गुजरातीत सांगायचे आणि आम्हा चार-पाच मराठी मुलांकडे वळून 'समजलं का गं?' असं विचारायचे. पुढे औषध कंपनीत संख्याशास्त्रज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर आपल्याच विभागात शनिवारचा पूरक वर्ग घ्यायला लागले, मानधनाशिवाय. त्यामुळे वर्ग बंद झाला तर माझं पैचंही नुकसान नाही. नुकसान कुणाचं होणार ते मला जवळून माहीत आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

त्या वर्गात काय चालतं, हे आपल्यापैकी कुणी येऊन पाहिलेलं नाही, म्हणून एक प्रसंग लिहिते. छोटा उदेपुरकडून अपडाउन करणारी एक मुलगी वर्गात होती, राठवा या आदिवासी समाजातल्या कुटुंबातली. घरी राठवी, शाळेत गुजराती, आणि आता पाठ्यपुस्तक इंग्रजी. मध्यमान (म्हणजे सरासरी) आणि मध्यक (म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) यांतला फरक तिला पाठ होता, कळला नव्हता. मी सगळ्यांना सांगितलं की, रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट आठवडाभर मोजून आणा. तिनं बस बडोद्याला किती उशिरा पोचते ते वहीत लिहून आणलं. पेन्सिलीनं आखलेले तीन रकाने: वार, पोचायची वेळ, उशीर. सहा दिवसांचे आकडे मिनिटांत असे होते: 8, 15, 12, 10, 180, 15. शुक्रवारी बस वाटेत बंद पडली होती. बेरीज 240, म्हणून मध्यमान 40 मिनिटं. चढत्या क्रमानं लावले की मधले दोन आकडे 12 आणि 15, म्हणून मध्यक साडेतेरा. ती वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बेन, आ सरेराश तो खोटी छे." (बाई, ही सरासरी तर खोटी आहे.) चाळीस मिनिटं उशीर तर एकाही दिवशी झाला नव्हता!

त्यानंतरचा अर्धा तास वर्ग तिनंच चालवला. मग कुटुंबाच्या उत्पन्नाची सरासरी सांगतात तेव्हा काय होतं? एखादा फार श्रीमंत गावात राहायला आला तर सगळं गाव कागदावर श्रीमंत होतं का? मग सरकार कुठला आकडा वापरतं? आणि पहिल्या तासाला वेळेवर पोचायचं तर घरून कधी निघू, हे ठरवताना मी कुठला आकडा धरू? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोन्हींपैकी एकाही आकड्यात नाही, ते विचलनात, म्हणजे आकडे किती पसरले आहेत त्यात आहे, आणि तिथपर्यंत वर्ग आपणहून पोचला. चर्चा गुजरातीत झाली, मध्येच मराठी-हिंदी आली, आणि फळ्यावर संज्ञा इंग्रजीत होत्या. यात दर्जा कुठे कमी झाला, हे मला समजून घ्यायचं आहे. माझ्या नोकरीत मी उमेदवारांच्या पुष्कळ मुलाखती घेतल्या. पी-व्हॅल्यूची (निष्कर्ष निव्वळ योगायोगाचा असेल का, ते तपासायला वापरतात त्या आकड्याची) व्याख्या अस्खलित इंग्रजीत म्हणणारे भरपूर भेटायचे. समोरच्या डॉक्टरला तिचा अर्थ समजावून सांगू शकणारे थोडे. कंपनीला हवे असायचे ते हे थोडे.

इंग्रजी लागतं, हे मला कुणी सांगायला नको, माझं सगळं काम इंग्रजीत झालं. इंग्रजी शिकवा, जास्तीचे तास ठेवून शिकवा. पण इंग्रजी पक्कं होईपर्यंत विषयच कळू द्यायचा नाही, हा कुठला न्याय? आपल्या शहराला तर हा प्रश्न नवा नाही. महाराज सयाजीरावांनी 1890 साली इथे कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवलं आणि यंत्रं, रंग, रसायनं यांचं शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यायचा आग्रह धरला. रसायनशास्त्र तेव्हा गुजरातीतून शिकवता आलं, तर आज प्रमाण विचलन समजावून देता येत नाही, असं होणार नाही. एप्रिल 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांना पत्र लिहून सांगितलं की, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. त्यानंतर आपण नेमकी उलटी दिशा धरावी, याचं वाईट वाटतं.

आता लॅपटॉप. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीचा अहवाल आपल्या ग्रंथालयात आहे. जुलै 2017 ते जून 2018 या काळातली ही पाहणी, विषय शिक्षण. देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी 4.4 टक्के घरांत संगणक होता, शहरी कुटुंबांपैकी 23.4 टक्के घरांत. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात 14.9 टक्के आणि शहरात 42 टक्के घरांत. पुढे करोनाच्या काळात घरोघरी स्मार्टफोन वाढले, हे खरं, पण फोनवर कुणी प्रोग्राम लिहून रिग्रेशन (दोन गोष्टींमधला संबंध मांडणारं समीकरण) बसवत नाही. जी पाहणी आपण दुसऱ्या वर्षाला 'नमुना निवडीचं उत्तम उदाहरण' म्हणून शिकवता, तिचा निष्कर्ष प्रवेशाचे नियम करताना कुणाच्या डोळ्यांसमोर आला नाही का?

याच्याच जोडीला प्रयोगशाळेची गोष्ट आहे. दुपारी तीननंतर तिथे बाहेरच्यांसाठी फी घेऊन सर्टिफिकेट कोर्स चालतो आणि आपले विद्यार्थी दाराबाहेर जिन्यात बसतात. संस्थेला पैसा उभा करावा लागतो, हे मी समजू शकते. पण ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना दुपार मिळत नाही, आणि सकाळची वेळ तासांमध्ये जाते. मग त्यांनी सराव करायचा कधी? ज्या शहरातून शंभर वर्षांपूर्वी फिरत्या वाचनालयाच्या पेट्या गावोगाव जात होत्या, त्या शहरातल्या कॉलेजला दहा-वीस लॅपटॉप नोंदवहीत सही घेऊन घरी देणं अवघड वाटू नये. जुने चालतील. कंपन्या दर काही वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. मकरपुरा आणि सावलीच्या कारखान्यांकडे आपण मागितले तर मिळतील, आणि मागायला मी स्वतः येईन.

विकतच्या सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. 'आर' ही संख्याशास्त्राच्या कामाची संगणकभाषा न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता तयार केली. ती फुकट आहे, जुन्या संगणकावर चालते, आणि जगभरचे संख्याशास्त्रज्ञ ती वापरतात. पायथन ही दुसरी संगणकभाषाही फुकट. आपण निवडलेलं सॉफ्टवेअर मुलांना घरी बसवता येणार नाही, आणि पदवी हातात पडली की परवानाही संपणार. ज्यावर शिकलो तेच हातात राहणार नाही, अशी निवड का केली, ते अभ्यास समितीनं सांगावं.

पुढचा मुद्दा लिहिताना मला त्रास होतो आहे, कारण तो मुलगा माझ्या वर्गात होता. त्याला दिसत नाही. गणित चांगलं, स्मरण उत्तम, बोलणं नेमकं. प्रवेशाच्या वेळी त्याला सांगण्यात आलं की, 'हा विषय आलेखांचा आहे, तुला जमणार नाही, दुसरा घे.' त्यानं ऐकलं नाही आणि प्रवेश घेतला. मग वर्गात काय झालं? प्रत्येक सादरीकरणात आलेख चित्र म्हणून चिकटवलेले. त्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) त्या जागी पोचला की एकच शब्द उच्चारतो: 'ग्राफिक'. पुढची स्लाइड, पुन्हा 'ग्राफिक'. बाकीचा वर्ग समोरच्या आलेखावर बोलत असतो आणि हा मुलगा पंचेचाळीस मिनिटं तो एक शब्द ऐकत बसतो.

शनिवारी आम्ही पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून बॉक्सप्लॉट (आकडे कसे पसरले आहेत ते एका पेटीनं आणि दोन मिशांनी दाखवणारा आलेख) केला. पेटीच्या दोन कडा जाड सुतळीच्या, मध्यकाची रेघ दुहेरी, बाजूच्या मिशा बारीक दोऱ्याच्या, आणि लांब पडलेल्या निरीक्षणांच्या जागी डिंकानं चिकटवलेले मोहरीचे दाणे. त्यानं बोटं फिरवली आणि विचारलं, "उजवी मिशी एवढी लांब का?" पुठ्ठा त्याच्या हाती देण्याआधी मी तोच आलेख फळ्यावर काढला होता. डोळस मुलांपैकी तोपर्यंत एकानंही हे विचारलं नव्हतं. वितरण उजवीकडे कललेलं आहे, म्हणजे थोडे आकडे बाकीच्यांपेक्षा फार मोठे आहेत, हे त्या दिवशी वर्गाला त्याच्या बोटांमुळे समजलं. मग पुठ्ठा सगळ्यांच्या हातून फिरला आणि सगळ्यांनाच तो विषय नीट कळला. एका मुलासाठी केलेली सोय वर्गाच्या कामी येते, हे मी शिकवताना वारंवार पाहिलं आहे.

पण सुतळी-पुठ्ठ्यावर पदवी होत नाही, म्हणून साधनांबद्दल सांगते. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणानं 2006 मध्ये तो लिहायला घेतला. 'आर'मध्ये आज्ञा टाइप करायच्या असतात आणि उत्तर मजकुरात येतं, त्यामुळे स्क्रीन रीडरला ते वाचता येतं. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे जोनाथन गॉडफ्री स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांनी 'आर'साठी 'ब्रेलआर' नावाचं पॅकेज तयार केलं. आयतालेख काढला की त्यात किती स्तंभ आहेत, कुठल्या वर्गांतरात (आकड्यांच्या टप्प्यात) किती निरीक्षणं आहेत, हे ते शब्दांत सांगतं. ज्या विषयाबद्दल आपण 'तुला जमणार नाही' म्हणालात, तो एक दृष्टिहीन माणूस विद्यापीठात शिकवतो आहे. आणि आपण निवडलेल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं काम माउसनं चित्रांवर टिचकी मारून होतं. म्हणजे या मुलासाठी उघडं असलेलं एकमेव दारही त्या नोटिशीनं बंद केलं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा त्यानं राखल्या आहेत, आणि शिकण्यासाठी लागणाऱ्या वाजवी सोयींची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला किमान वीस मिनिटं जादा द्यावीत, असे केंद्र सरकारचे निर्देश आहेत. आपल्या संगणकी चाचणीत वेळ सगळ्यांना सारखाच लावलेला आहे. तो बदलता येतो का, असं मी विचारलं, तेव्हा 'सिस्टिममध्ये तशी सोय नाही' असं उत्तर मिळालं. सिस्टिम आपण विकत घेतली आहे. घेण्यापूर्वी हे विचारायला हवं होतं.

1913 साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. 1917 मध्ये ते संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला इथे आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना या शहरात राहायला जागा टिकू दिली नाही. शिष्यवृत्ती होती, पद होतं, राजाचा पाठिंबा होता, आणि तरीही त्यांना परत जावं लागलं. सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवर, त्या प्रसंगाच्या स्मारकाच्या जागी, आपण दर वर्षी विद्यार्थ्यांना नेता. प्रवेश देऊन पुढचं सगळं ज्याचं त्यानं बघावं, अशी व्यवस्था माणसाला कशी बाहेर काढते, हे त्या जागेवर उभं राहून त्यांना सांगता. तेच आपल्या विभागाला लागू करून बघावं, ही विनंती.

चाचणीतल्या प्रश्नांकडेही बघा. गेल्या वर्षीचा प्रश्नसंच मी वाचला आहे, तो कुठून तरी तयार उचललेला दिसतो. बेसबॉलची बॅटिंग ॲव्हरेज. पत्त्यांच्या जोडातून 'फेस कार्ड' निघण्याची शक्यता. आमच्या वर्गात अशा मुली आहेत ज्यांच्या घरी पत्ते आणायला बंदी आहे. जोडात बावन्न पत्ते असतात आणि चित्रांचे बारा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. त्यांचं उत्तर चुकलं, तर संभाव्यता येत नाही म्हणून चुकलं की पत्ते माहीत नाहीत म्हणून? अशी चाचणी नक्की काय मोजते, हा प्रश्न मोजमापाच्या शास्त्राच्या विभागाला पडायला हवा.

प्रात्यक्षिकांतही तेच. 'एमटीकार्स' ही 1974 च्या एका अमेरिकी नियतकालिकातली बत्तीस मोटारींची यादी, मैल आणि गॅलनमध्ये. बॉस्टनच्या घरांच्या किमतींचा 1978 चा संच, ज्यात वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून काढलेला एक स्तंभ आहे. तो स्तंभ ज्या गृहीतकावर उभा आहे ते आक्षेपार्ह ठरल्यामुळे 'सायकिट-लर्न' या पायथनच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअर-संचानं (लायब्ररीनं) 2022 च्या डिसेंबरात तो संच काढून टाकला. आपल्या पुस्तिकेत तो एका शब्दाच्याही टिपणीशिवाय तसाच आहे. ठेवायचा असेल तर चर्चेसाठी ठेवा, विदा (डेटा) गोळा करणाऱ्याची नजर आकड्यांत कशी उतरते ते त्यावरून शिकवा. नाहीतर आपल्या देशाची विदा काय कमी आहे? नमुना सर्वेक्षणाची घरनिहाय आकडेवारी सरकार फुकट देतं. कुटुंब आरोग्य पाहणीचे जिल्हावार तक्ते आहेत, जनगणना आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे नमुना निवडीचं शास्त्र घेऊन शेतातल्या पिकाच्या अंदाजाकडे आणि माणसाच्या भुकेच्या मोजमापाकडे वळले. गुजरात विद्यापीठातल्या सी. जी. खत्री यांचं नाव 'खत्री-राव गुणाकार' म्हणून जगभरच्या पुस्तकांत आहे. आपल्या मुलांना यातलं एकही नाव माहीत नसतं. हा विषय आपल्यासारख्या घरांतल्या, आपल्या भागातल्या माणसांनीही घडवला आहे, हे कळलं की पोरांची बसण्याची पद्धतच बदलते.

आता दर्जाबद्दल. नव्या नियमांमुळे निकाल सुधारेल, असं बैठकीत सांगितलं गेल्याचं मी ऐकलं. सुधारेलही. समजा, आज साठ मुलं प्रवेश घेतात आणि पंचेचाळीस उत्तीर्ण होतात. निकाल 75 टक्के. नव्या नियमांनी चाळीसच आली आणि छत्तीस उत्तीर्ण झाली, तर निकाल 90 टक्के. जाहिरातीत छापायला आकडा उत्तम! पण पदवीधर नऊनं कमी झाले, आणि शिकवण्यात काडीचा फरक पडला नाही. फक्त कोण आत आलं ते बदललं. हा निवडीचा पूर्वग्रह आहे, तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात तो आपण शिकवतो, त्यावर दहा गुणांचा प्रश्न घालतो. त्याच विभागाच्या नावानं असा निकाल छापला जावा, हे मला सहन होणार नाही.

आणि जे बाहेर राहतील त्यांचा प्रश्न त्यांच्यापुरता राहत नाही. 2018 मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. उजळ रंगाच्या पुरुषांच्या बाबतीत चुका जास्तीत जास्त 0.8 टक्के. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. एकूण अचूकतेचा आकडा चांगला दिसत होता, म्हणून कुणी गट पाडून बघितलं नव्हतं. ज्यांनी बघितलं त्या दोघी कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. उद्या रेशन, कर्ज, विमा, शिष्यवृत्ती यांची छाननी प्रोग्राम करतील, काही ठिकाणी आजच करतात. तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या खोलीत छोटा उदेपुरची मुलगी नसेल, तर तिच्या गावाची नोंद चुकली आहे, हे कुणाच्या लक्षात येणार?

माझ्या मागण्या अशा:

1. शनिवारचा पूरक वर्ग चालू राहावा, आणि तो विभागाच्या अधिकृत वेळापत्रकात यावा. गुजराती, मराठी, हिंदीतून समजावण्याची मुभा असावी. वर्ग घ्यायला मी तयार आहे, माझ्या ओळखीचे आणखी दोन निवृत्त सहकारीही तयार आहेत.

2. लॅपटॉपची सक्ती मागे घ्यावी. घरी नेण्यासाठी लॅपटॉपची देवघेव सुरू करावी आणि प्रयोगशाळा रोज संध्याकाळी किमान दोन तास फक्त आपल्या विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवावी. अपडाउन करणाऱ्यांसाठी त्यातला एक तास शेवटच्या गाडीच्या आधी बसेल असा असावा.

3. प्रात्यक्षिकं 'आर' किंवा पायथनवर घ्यावीत.

4. दृष्टिहीन आणि इतर दिव्यांग विद्यार्थ्यांना विषय बदलण्याचा सल्ला देणं बंद करावं. प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर एनव्हीडीए बसवावा. प्रत्येक सादरीकरणातल्या आलेखाखाली दोन ओळींचं शब्दवर्णन असावं, आणि आलेखांत लाल-हिरव्याची जोडी टाळावी, म्हणजे ज्यांना ते रंग वेगळे दिसत नाहीत त्यांचीही सोय होईल. जादा वेळ नियमाप्रमाणे मिळावा. सिस्टिम देत नसेल तर त्या विद्यार्थ्याची परीक्षा कागदावर घ्यावी.

5. अंतर्गत गुणांपैकी निम्मे तरी विद्यार्थ्यानं स्वतः गोळा केलेल्या विदेवरच्या प्रकल्पाला असावेत. अहवाल आणि तोंडी परीक्षा त्याला हव्या त्या भाषेत द्यायची सवलत असावी, संज्ञा इंग्रजीत चालतील.

6. प्रश्नसंच लावण्यापूर्वी विभागातल्या एका शिक्षकानं आणि दोन माजी विद्यार्थ्यांनी तो वाचावा.

7. दर वर्षी निकालाबरोबर आणखी एक तक्ता प्रसिद्ध व्हावा: किती अर्ज आले, किती प्रवेश झाले, किती मुलं मध्येच गळली, किती उत्तीर्ण झाली. मुलगा-मुलगी, शाळेचं माध्यम, शहर-गाव, सामाजिक प्रवर्ग आणि दिव्यांगत्व असे गट पाडून. कुणाचं नाव उघड होईल इतका लहान गट दाखवू नये. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या 1973 च्या प्रवेशांचं उदाहरण आपण वर्गात देतोच. पुरुष अर्जदारांपैकी 44 टक्क्यांना आणि स्त्री अर्जदारांपैकी 35 टक्क्यांना प्रवेश, पण विभागवार पाहिलं की चित्र पार बदलतं. आपलं चित्र काय आहे, ते आपण एकदाही पाहिलेलं नाही. तक्ता करायचं काम तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून द्या, चोख करतील.

पैशाचा प्रश्न निघेल, म्हणून सांगते. यातल्या पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि सातव्या मागणीला काही खर्च नाही. तिसरीनं तर परवान्याचे पैसे वाचतील. ते लॅपटॉपच्या देवघेवीला वापरता येतील.

नोटीस लागू होण्यापूर्वी अभ्यास समितीची एक बैठक विद्यार्थ्यांसह घ्यावी, आणि वरच्या प्रत्येक मागणीवर होय किंवा नाही, आणि नाही असेल तर कारण, असं लेखी उत्तर विभागाच्या फलकावर लावावं. बैठक शनिवारी ठेवलीत तर बरं, त्या दिवशी पूरक वर्गाची मुलं कॉलेजात असतात. आपलं उत्तर येईपर्यंत वर्ग नेहमीच्या वेळी, सकाळी नऊ वाजता भरेल. खोली दिली नाहीत तर दांडिया बाजारात माझ्या घरी भरेल, तसं मी मुलांना कळवलं आहे.

आपली,
पूरक वर्गाची शिक्षिका आणि या विभागाची माजी विद्यार्थिनी
दांडिया बाजार, बडोदे